सहा नंबरचं रक्त

सुरतेतल्या नवागामच्या तीन गल्ल्यांमधून चंचल दोन संध्याकाळी फिरली, आणि तिला कळलं की आपल्या भागात कोणीच कसलं औषध घेत नाही. कापडाच्या लूमवर बारा बारा तास उभी राहणारी माणसं, दिवसभर रिक्षा हाकणारी माणसं, घरी बसून साड्यांना लेस लावून लावून मान अवघडलेल्या बायका, सगळ्यांनी एकच सांगितलं, "औषध? छे बा. देवाच्या दयेनं काही लागत नाही."

चंचलला आनंद झाला. ती अठ्ठावीस वर्षांची होती, औषधशास्त्रात पीएच.डी. करत होती, आणि फॉर्मवर माणसं लिहून देतात ते खरं असतं यावर तिचा अजून विश्वास होता.

तिचं काम सांगायला सोपं होतं. दुखण्यावर आपण जी नेहमीची गोळी घेतो, तिच्या रेणूला एका बाजूला एक आंबट शेपूट असतं. दुखणं थांबवायला ते मदत करतं, पण पोटाच्या आतल्या अस्तराला जाळतंही तेच. चंचलने आणि तिच्या मार्गदर्शक नीपाबेन देसाई यांनी अशा एका जुन्या गोळीचं शेपूट बदलून सात नवी संयुगं तयार केली होती. शेपूट बदलल्यावर मूळ गुण उरलाय की तोही गेला, हे आता पाहायचं होतं. आणि ते माणसाच्या पेशींनाच विचारायचं होतं.

त्यासाठी ताजं रक्त लागतं. नळीतल्या रक्तात मेलेल्या जंतूंच्या आवरणाचा थोडासा अंश टाकला, की पांढऱ्या पेशींना वाटतं, हल्ला झाला. त्या चवताळतात आणि सूज आणणारं, ठणका लावणारं रसायन बाहेर सोडू लागतात. एका नळीत नुसतं एवढंच करायचं. बाकीच्या नळ्यांत सोबत एकेक संयुग घालायचं, आणि एका नळीत तुलनेला जुनी गोळी. दुसऱ्या दिवशी कुठे किती रसायन साठलं ते मोजायचं. चिडवूनही पेशी ज्या नळीत शांत राहिल्या, तिथलं संयुग कामाचं. मात्र रक्त देणाऱ्याने त्याआधीचे दोन आठवडे दुखण्यावरची एकही गोळी घेतलेली नसावी. नाहीतर पेशी आधीपासूनच गप्प असतात, आणि कौतुक भलत्याचंच होतं.

एरवी कॉलेजच्या हॉस्टेलची मुलं रक्त द्यायची. पण गणपती झाल्यावर हॉस्टेलमध्ये तापाची साथ आली, आणि सगळ्यांनी मिळेल ती गोळी खाल्ली.

"तुझ्या घरनी आजूबाजूला एवढी माणसं राहतात," नीपाबेन त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "विचारून तर बघ ने."

कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी होतीच. संमतीचा फॉर्म मराठीतही छापून घेतला. ओळखीची माणसं येणार म्हणून नीपाबेननी एक नियम घातला: रक्त तंत्रज्ञ भूपेंद्र काढणार, नळ्यांवर फक्त आकडे पडणार, आणि कोणता आकडा कोणाचा ती यादी मॅडमच्या कपाटात बंद राहणार. चंचललाही ते कळता कामा नये.

पहिलं नाव घरातूनच आलं. चंचलचे वडील धुडकूआप्पा सत्तावन्न वर्षांचे होते. तरुणपणी पारोळ्याकडून सुरतेला आले ते आजवर लूमवरच होते.

"मनं रगत ले," ते पारोळ्याकडच्या बोलीत म्हणाले. "तीस वरीस व्हयनात, मी गोई खात नही. आजकालना पोरेसले जरा शिंक उनी का दवाखाना. आमनं तसं नही."

चंचलची आई सुभद्राबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली, नवऱ्याकडे बघितलं, आणि पुन्हा भाकरीकडे लक्ष दिलं.

"माय, तू काही म्हणालीस का?" चंचलने विचारलं.

"मी कोठे काय म्हन्तु," सुभद्राबाई म्हणाली. "तवा तापना."

आप्पांचं पाहून समोरचे पंडितभाऊ रिक्षावाले तयार झाले, त्यांचं पाहून आणखी सहा जण. दोन आठवडे कोणी औषधाला हात लावायचा नाही असं ठरलं. त्या दोन आठवड्यांत आप्पा जरा चिडचिडे झाले. जिना उतरताना थांबायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हवा बदलनी ना."

शुक्रवारी सकाळी पंडितभाऊंच्या रिक्षातून आणि आणखी एका रिक्षातून आठ जण कॉलेजवर पोचले. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट महिनाभर दुरुस्तीची वाट बघत होती. चंचल वरच्या कठड्याशी उभी होती. तिने पाहिलं, सगळ्यांच्या पुढे आप्पा. इस्त्रीचा सदरा, ताठ पाठ, एकेक पायरी टकाटक चढत होते.

नीपाबेन नमस्कार करून म्हणाल्या, "वाह, काका! माझे विद्यार्थी तर इथे पोचून पाणी मागतात."

"लूमवरला मानूस शे मी, बेन," आप्पा म्हणाले. त्या दिवशी त्यांच्याइतका खूश माणूस सगळ्या इमारतीत नसेल.

भूपेंद्रने सुया टोचल्या, आठ नळ्या आकडे घालून चंचलच्या हाती आल्या, आणि मंडळी चहा-बिस्किट घेऊन परत गेली. चंचलने रक्त वाटलं, पेशींना चिडवलं, संयुगं घातली आणि सगळ्या नळ्या अंगाच्या उबेएवढ्या गरम कपाटात ठेवल्या. शनिवारी तिने मोजणी केली.

सहा माणसांचे आकडे जसे यायला हवे तसे आले. नुसतं चिडवलेल्या नळीत रसायन भरपूर, जुन्या गोळीच्या नळीत अगदी कमी, नव्या संयुगांत कुठे कमी कुठे जास्त. पण तीन नंबर आणि सहा नंबर या दोघांनी सगळा प्रकार बिघडवला. त्यांच्या पेशींना चिडवलं तरी त्या ढिम्म. काही घातलं नव्हतं त्या नळीतसुद्धा शांतता.

चंचलने पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला. टाकायचंच विसरले की काय? सोमवारी तिने सगळ्या बाटल्या तपासल्या, वहीतली प्रत्येक नोंद पुन्हा वाचली. चूक सापडेना.

"चूक तुझी नथी," नीपाबेन म्हणाल्या. "या दोघांनी गोळी खाल्लीय."

"पण मॅडम, फॉर्मवर सही आहे."

नीपाबेननी चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं, की चंचलने फॉर्म पुन्हा फाइलमध्ये ठेवून दिला.

खात्री करायचा मार्ग होता. रक्त थोडं फिरवलं की पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं, तो प्लाझ्मा. सहा नंबरचा प्लाझ्मा फ्रीजरमध्ये ठेवलेला होता. त्यात गोळी असेल, तर तो दुसऱ्याच्या चांगल्या रक्तात घातल्यावर तेही गप्प व्हायला हवं. पण ताजं चांगलं रक्त आणायचं कोणाचं? नीपाबेननी बाही वर केली. "माझं घे. मी तर चहाशिवाय काहीच घेत नाही. रक्तगट जुळतो का ते फक्त बघ."

जुळत होता. मंगळवारी उत्तर आलं. मॅडमच्या पेशी एकट्या असताना मनसोक्त चवताळल्या. सहा नंबरचा प्लाझ्मा मिसळल्यावर त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. तीन नंबरचंही तसंच, फक्त जरा कमी.

यादी उघडायची नाही असं नीपाबेननी ठरवलं. आठही जणांना पुन्हा एकदा सरळ विचारायचं, म्हणजे कोणावर बोट नको. चंचलने सात दारं वाजवली आणि घरी आप्पांनाही विचारलं. आठही जण म्हणाले, औषध नाही घेतलं. सगळ्यांत मोठ्याने आप्पा म्हणाले.

मग घरात रोजचाच खेळ सुरू झाला. चंचल कॉलेजातून आली की सहा नंबरची टिंगल सुरू. "काय थापाड्या माणूस आहे! त्याच्या पेशी बघितल्या ना आप्पा, तर लग्नात जेवून आलेल्या पाहुण्यांसारख्या. उठवलं तरी उठत नाहीत." कधी म्हणायची, "तीन नंबरने एखादी घेतली असेल. पण सहा नंबरने? त्याने सकाळी घेतली आणि दहाला रक्त द्यायला आला. छातीच आहे बाई त्याची!"

आप्पा हसायचे. जरा जास्तच हसायचे. "पंडित व्हई," असंही एकदा म्हणाले, आणि लगेच पाणी प्यायला उठले.

सुभद्राबाई हसत नव्हती. ती एकदा एवढंच म्हणाली, "नको वं बाई त्याले नावं ठेवू. त्याना काय इलाज व्हता, तुले काय ठाऊक?"

"माय, तू त्या थापाड्याची बाजू का घेतेस?"

"मी कोनी बाजू लेत नही. आमटी निवी ऱ्हायनी, जेव."

रविवारी दुपारी डुबुकवड्यांची आमटी होती. आप्पांचा सुट्टीचा दिवस. चंचलने पहिला घास घेतला आणि बातमी सांगितली. "मॅडम म्हणाल्या, दोघांचे आकडे गाळून टाकू. सहाच जण धरले तर निकाल कच्चा राहतो, पुन्हा करावं लागेल. सहा नंबरमुळे माझा महिना गेला. मला तो भेटला ना, तर मी त्याला…"

"भेटना तुले," आप्पा म्हणाले.

"काय?"

"तो सहा नंबर मीच शे." आप्पांनी ताटातला हात थांबवला होता. "भूपेंद्रनी नळीवर आकडा टाका, तो मी देखा. इंग्रजी माले येत नही, पन सहा समजस."

चंचलला आधी ती चेष्टाच वाटली. ती हसलीसुद्धा. मग तिने आईकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

"पण आप्पा, तुम्ही तर गोळी…"

"पंधरा वरीसफाईन खाई ऱ्हायनू," आप्पा म्हणाले. "दुपारना चहासंगे एक. कारखानामा समदा खातस. गुडघा धरस ना, मशीनपुढे उभं ऱ्हावात नही. पन तू सांगं ना, दोन हप्ता नको, तं मी खरंच बंद करी व्हती. इचार तुनी मायले."

"खरं शे," सुभद्राबाई म्हणाली. "रातले झोप नही त्यासले. मी तेल लाये."

"मग त्या दिवशी सकाळी का घेतलीत?"

आप्पा आमटीतला वडा बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिले. "तू सांगं, तिसरा मजला शे, लिफ्ट बंद शे. तुनी मॅडम, तुना संगेना पोरंपोरी, समदा तठे ऱ्हातीन. त्यासना समोर तुना बाप लंगडत, कठडा धरीसन वर येवाव? मी एकच लिधी, पोरी. फक्त जिनापुरती. एक गोईनं रगतले काय कळी, असं वाटनं."

चंचलने हातातला घास ताटात ठेवला. आठवडाभर या घरात बसून आपण काय काय बोललो ते सगळं एकदम तिच्या कानात आलं. थापाड्या. लग्नातला पाहुणा. आणि हा माणूस समोर बसून हसत होता.

"मी तुम्हाला किती बोलले," ती म्हणाली.

"माले नही, सहा नंबरले बोलनी," आप्पा म्हणाले. "आनि चांगलं बोलनी. लग्नना पाहुनावर तं मी खरंच हासनू."

सुभद्राबाईने दोघांच्या ताटात आमटी वाढली. "आते दोन्हीबी रडत बसू नका. आमटी निवी जाई."

दुसऱ्या दिवशी चंचलने नीपाबेनना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी त्यांना वाह म्हटलं ने, तेव्हा त्यांना किती बरं वाटलं असेल." मग खुर्ची पुढे ओढली. "पण दुसरा कोण ते आपल्याला माहीत नथी. आणि पुढच्या वेळी पण लोक नाहीच म्हणणार. खोटं बोलतात म्हणून नाही. आपण विचारतो चुकीचं."

हे चंचलने घरी सांगितलं तेव्हा सुभद्राबाई साडीला लेस लावत होती. तिने सुई थांबवली.

"तू त्यासले काय इचारस? औषध लेतस का म्हनीसन. औषध म्हंजे डाक्टर देस ते. ताप उना, हाड मोडनं, तव्हय. दुकानमाईन लेतस ती काय औषध शे का? ती कंबरनी गोई शे."

"मग कसं विचारू?"

"चाल, दाखाडस."

गल्लीत समोरच पंडितभाऊ रिक्षा पुसत होते. सुभद्राबाई दारातूनच म्हणाली, "पंडितभाऊ, दिवसभर रिक्षा हाकीसन कंबर कशी धरत नही वो तुमनी?"

"धरस ना वहिनी! धरस म्हंजे काय, पार लाकूड व्हस."

"मंग काय करतस?"

पंडितभाऊंनी हँडलजवळच्या देवाच्या फोटोमागे हात घातला आणि गोळ्यांची अर्धी पट्टी काढून दाखवली. "हाई शे ना. सकाळनी एक, दुपारनी एक."

चंचल पुढे आली. "पंडितकाका! तुम्ही फॉर्मवर लिहून दिलं ना, औषध घेत नाही म्हणून?"

पंडितभाऊ खरोखरच गोंधळले. पट्टीकडे बघत म्हणाले, "हाई औषध थोडंच शे, बेटा? रिक्षाले गॅस लागस, तसं हाई माले."

त्या रात्रीच फॉर्म बदलायचं काम सुरू झालं, आणि ते सुभद्राबाईने सांगायचं आणि चंचलने लिहायचं असं ठरलं. 'आपण कोणतेही वेदनाशामक औषध सेवन करता का' हे वाक्य वाचून दाखवल्यावर सुभद्राबाई म्हणाली, असं तर कोर्टात विचारतात. ते खोडलं. त्याऐवजी आलं: कंबर, मान, गुडघा धरल्यावर काय करता? डोकं चढल्यावर दुकानातून काय आणता? शेजारणीने दिलेली गोळी घेता का? कारखान्यात चहासोबत काय वाटतात? शेवटचा प्रश्न वाचून नीपाबेन हसल्या आणि मग गंभीर झाल्या. एथिक्स कमिटीने नवा फॉर्म मंजूर केला. शिवाय आता प्रत्येकाच्या रक्ताची आधी एक छोटी चाचणी करायची, नळीतल्या पेशी चिडवल्यावर चिडतात की नाही, आणि मगच पुढे जायचं असंही ठरलं.

आप्पांना घेऊन चंचल सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी विचारलं, "किती वर्षं घेताय?" आप्पा म्हणाले, "दोन-तीन." सुभद्राबाई मागून म्हणाली, "पंधरा." डॉक्टरांनी पंधरा लिहिलं. रक्त तपासलं तर मूत्रपिंडाचा आकडा असावा त्याहून थोडा वर होता. फार नाही, पण ती गोळी आता कायमची बंद, असं बजावून त्यांनी दुसरी साधी गोळी, गुडघ्याचे व्यायाम आणि काठी सांगितली. गोळी आप्पांनी मान्य केली, व्यायामही. काठीवरून दवाखान्याच्या पायरीपासून रिक्षापर्यंत वाद झाला.

"काठी घेऊन माझ्या कॉलेजात यायचं," चंचल म्हणाली. "मी खाली येईन आणि तुमच्यासोबत एकेक पायरी चढेन. कोणाला बघायचं ते बघू दे."

आप्पांनी काठी घेतली. कारखान्याच्या मालकाशी बोलून त्यांनी मशीनवरचं काम सोडलं आणि कापडाचे ताके तपासायच्या टेबलावर बसायला लागले. पहिले आठ दिवस 'बायकी काम' म्हणून कुरकुरले. नवव्या दिवशी एका ताक्यातला असा बारीक दोष त्यांनी पकडला, की मालकाने चारचौघांत नाव घेतलं. त्यानंतर ते काम बायकी राहिलं नाही.

नवा फॉर्म घेऊन सुभद्राबाईने आणि चंचलने चाळीस जणांना विचारलं. एकतीस जण काही ना काही घेत होते. नऊ जण खरोखर कोरडे निघाले, त्यांत पाच बायका. सगळ्यांत आश्चर्य पुष्पाबाईंचं वाटलं. त्या दिवसाला पन्नास साड्यांना लेस लावायच्या आणि त्यांना गोळी गिळताच यायची नाही, घशात अडकायची.

या नऊ जणांच्या रक्तात पेशी चिडवल्या तेव्हा नऊच्या नऊ चवताळल्या. सात संयुगांपैकी तीन काहीच करत नव्हती. एकाने पेशी शांत केल्या खऱ्या, पण मारून. दोन अर्धवट होती. आणि चार नंबरच्या संयुगाने नऊही जणांच्या पेशी जुन्या गोळीइतक्याच शांत ठेवल्या, पेशींना धक्का न लावता. चंचलने आकडे दोनदा काढले, मग नीपाबेनपुढे कागद ठेवला आणि उभीच राहिली.

"बस," नीपाबेन म्हणाल्या. कागद त्यांनीही दोनदा वाचला. "सारुं छे. पण नळीतल्या रक्तात चाललं म्हणजे औषध झालं नाही, हे लक्षात आहे ने? पोटाला जाळत नाही हे अजून दाखवायचं बाकी आहे. मूत्रपिंडाचं तर आपल्याला काहीच माहीत नथी."

"हो मॅडम."

"मग आता हस थोडी. मी बघत नाही."

पुढच्या फेरीला बारा जण लागणार होते. शनिवारी दुपारी सुभद्राबाईने लेसचं काम बाजूला सारलं, पदर खोचला आणि फॉर्मचा गठ्ठा पिशवीत घातला. या वेळी डिंडोलीकडच्या नव्या सोसायट्यांत जायचं होतं, तिथे मराठवाड्याची आणि विदर्भाची माणसं राहतात.

"माय, त्यांची बोली वेगळी आहे. मी बोलू का?" चंचलने चपला घालत विचारलं.

"तू नको," सुभद्राबाई म्हणाली. "तू बोलनी का लोकं शानपनानी उत्तरं देतस. तू मांगे उभी ऱ्हाय आनि लिख."

ती गल्लीच्या टोकापर्यंत पोचलीही होती. चंचल पेन शोधत तिच्यामागे निघाली.